पितृपक्षातली पुताई

माणसाला शेजारी असावा, पण त्याच्या हातात कला असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी गात असेल तर खिडकी लावून घेता येते. शेजारी श्रीमंत असेल तर 'पैसा काय, आज आहे, उद्या नाही' असं म्हणून मन रमवता येतं. पण शेजारी पंचा खोचून शिडीवर चढतो, आपलं अख्खं घर बाहेरून स्वतःच्या हातांनी पिस्त्याच्या रंगाचं करून खाली उतरतो, आणि वर 'अहो, त्यात काय आहे!' असं हसून म्हणतो, तेव्हा आपल्यापाशी म्हणण्यासारखं काही उरत नाही. नुसतं जळायचं असतं.

मी जळलो. वर्षभर जळलो. आमचे हे शेजारी म्हणजे भय्यासाहेब पोतनीस. माधवनगरात त्यांचं आणि आमचं घर लागूनच, अंगणांच्या मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. त्यांचे पूर्वज शिंदेसरकारच्या दरबारात पोतनीस होते, आमचे वडील रेल्वेत चिकटले म्हणून उज्जैनला आले. थोडक्यात, त्यांच्या घराण्याला सनद होती आणि आमच्या घराण्याला पास. भय्यासाहेब मध्यभारत सरकारच्या खजिन्यात, मी रेल्वेच्या मालधक्क्यावर. एवढ्यावर मी त्यांना कधीच माफ करून टाकलं असतं. पण आमच्या घरातल्या चहाला मी माफ करू शकलो नाही.

झालं असं की आदल्या दिवाळीत भय्यासाहेब शिडीवर असताना आमच्या सौभाग्यवतीने, म्हणजे चारुलतेने, मधल्या भिंतीवरून त्यांना चहा दिला. त्यात वेलची होती! मला वेलचीचा वास सणासुदीलाच यायचा, तोही दुसऱ्या खोलीतून. पुढे सहा महिने ती येईल त्याला सांगत होती, "भय्यासाहेब भावजींनी स्वतः रंगवलं हो. मजूर म्हणून लावला नाही." आणि ती माझ्याविषयी काय सांगायची? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून 'आमचे हे' असं निघालं की पुढे 'विसरून आले', 'हरवून आले' किंवा 'सर्दीनं झोपलेत' यांपैकीच काहीतरी यायचं. 'आमच्या ह्यांनी केलं', असं एकदा, निदान एकदा, तिनं चारचौघांत छाती पुढे काढून म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. पुढची सगळी रामायणं या एका इच्छेपायी झाली.

भाद्रपदात गणपती गेले आणि भय्यासाहेबांनी भिंतीवरून हाक मारली.

"बापू, यंदा दसऱ्याच्या मुहूर्तावर हात घालतो. गुलाबी करावं म्हणतोय. कसं लागेल?"

"छानच लागेल," मी म्हणालो. दात विचकून हसणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी आतून कळलं.

घरात येऊन मी जाहीर केलं, "मी घर रंगवणार आहे. बाहेरून. स्वतः."

चारुलता तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि एकच शब्द उच्चारला.

"तुम्ही?"

असे शब्द माणसाला हिमालयात पाठवतात. मला शिडीवर पाठवलं.

भय्यासाहेबांच्या आधी उरकायचं, तर दसऱ्याच्या आधी उरकायला हवं, आणि माझ्या हातानं ते नुसत्या नवरात्रात उरकणारं नव्हतं. मग नवरात्राच्या आधी काय असतं? पितृपक्ष. आमच्या लोकांत पितृपक्षात कोणी नवं धोतर घेत नाही, मग घर रंगवणं दूरच. समोरच्या अनसूयाकाकू, ज्यांना आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या पितरांच्या तिथ्या तोंडपाठ आहेत, त्या काठी टेकत थेट ओसरीत आल्या.

"पितृपक्षात लोक भिंतीला खिळा ठोकत नाहीत, आणि तू पुताई करतोस? तुझे पितर घर ओळखतील तरी का? बिचारे येतील आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतील."

हे पुढे शब्दशः खरं होणार होतं, पण तेव्हा मी हसलो. तरी मनाला रुखरुख नको म्हणून रामघाटावर जाऊन आमच्या गुरुजींना गाठलं. ते नदीत उभे राहून कोणा यजमानाचं तर्पण उरकत होते. तसंच पाण्यातून त्यांनी निर्णय दिला.

"नवीन काही करायचं नाही. जुनं धुवायला हरकत नाही."

"म्हणजे भिंत धुतली तर चालेल?"

"धुवा की."

"आणि पाण्यात थोडा चुना असला तर?"

गुरुजींनी यजमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाण्यात काय असतं ते मी बघत नाही. या शिप्रेत काय काय असतं!"

शास्त्र बाजूने झालं, राहिलं सरकार. एका बाजूची भिंत रस्त्यावर येत असल्यामुळे शिडी आणि लाकडी बल्ल्या रस्त्यात उभ्या कराव्या लागणार होत्या, त्याची परवानगी हवी असं कोणीतरी सांगितलं. मी एका कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण तो बाबू अजून तिथेच आहे. त्यानं माझा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

"देखिए साहब," तो म्हणाला, "अर्जी किसके नाम है? मध्यभारत सरकार के. मध्यभारत अभी है, मगर जा रहा है. मध्यप्रदेश आ रहा है, मगर आया नहीं. मैं परमिशन दूँ तो किसकी दूँ?"

"मग मी काय करू?"

"दीवार तो आपकी यहीं रहेगी ना? वो तो भोपाल नहीं जा रही? बस, नवंबर में आइए."

त्या दिवसांत सगळ्या गावाला हा एकच विषय होता. कोणतं खातं भोपाळला जाणार, कोणतं इंदूरला, कोणाची ज्येष्ठता कुठे बसणार. ज्याच्या त्याच्या तोंडी भोपाळ. आमची रेल्वे मात्र केंद्राची. एवढी मोठी राज्य पुनर्रचना सगळ्या शेजारपाजाऱ्यांच्या नशिबी आली, पण मालधक्क्यावर तिचा शिंतोडासुद्धा उडाला नाही. मला त्याचाही हेवा वाटायचा. असो. मी परवानगीशिवाय शिडी लावली.

चुना कळीचा आणला. दुकानदाराने बजावलं होतं, "बाबूजी, पानी धीरे-धीरे डालना. कली को गुस्सा आता है." मी न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ अंगणात आणलं, त्यात कळी ओतली आणि वर दोन बादल्या पाणी एकदम. कळीला गुस्सा आला. घंगाळ फसफसलं, उकळलं आणि पांढरे गोळे चौफेर उडाले. चारुलतेची वाळत घातलेली लुगडी, तुळस आणि मी, तिघंही पांढरे झालो. भय्यासाहेब भिंतीपलीकडून धावत आले.

"बापू, डोळे सांभाळा! मागं व्हा! अहो, एक आवाज द्यायचा होता, मी भिजवून दिला असता ना."

मदत करणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो, तेवढा चोराचासुद्धा येत नाही. मी म्हणालो, "असाच भिजवतात आमच्याकडे."

रंग मी पिवळा ठरवला होता. चुन्यात रामरज, म्हणजे ती पिवळी माती, कालवायची. किती कालवायची याबद्दल गल्लीत मतभेद होते. पलीकडचे गोपाळराव म्हणाले डिंक घाला, नाहीतर हाताला लागेल. अनसूयाकाकू म्हणाल्या दूध घाल, चकाकी येते. पोस्टातले सुहास प्रधान म्हणाले गूळ घाला, त्यांच्या आजोळच्या घराला गूळ घातला होता आणि ते अजून उभं आहे. कोणाचं मन मोडू नये म्हणून मी तिन्ही घातलं. भिंतीला किती चकाकी आली सांगता येत नाही, पण मुंग्यांनी उत्तम दाद दिली.

खरी गोम निराळीच होती. चुन्याचा रंग ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर भलताच, हे मला कोणीच सांगितलं नाही. भय्यासाहेबांनी सांगितलं असतं, पण त्यांना विचारणार कोण? मी कामावरून आल्यावर उजेड असेतो एक पट्टा ओढायचो. गर्द हळदीसारखा दिसायचा. सकाळी पाहावं तो पातळ ताकासारखा. मग दुसऱ्या दिवशी दुप्पट रामरज. तो वाळला की मोहरीसारखा. तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा चुना. असं करत करत भिंतीवर माझ्या मनाची रोजची अवस्था पट्ट्यापट्ट्यांनी उमटत गेली. येणारेजाणारे थांबायचे, मान तिरकी करायचे, आणि "वा! मोठं काम काढलंय," एवढं म्हणून पुढे जायचे. 'मोठं' म्हणायचे. 'चांगलं' कोणी म्हणेना.

त्यात संजा आली. माळव्यात पितृपक्ष म्हणजे पोरींची संजा. रोज संध्याकाळी गल्लीतल्या साऱ्या पोरी कोणाच्या तरी भिंतीवर शेणानं चंद्र, सूर्य, पालखी असं काहीबाही काढतात, त्यावर फुलं चिकटवतात, आणि गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते खरवडून नवं. हे सर्वपित्री अमावास्येपर्यंत. मी मालधक्क्यावरून आलो तर माझ्या त्यातल्या त्यात एकसारख्या जमलेल्या पट्ट्यावर शेणाची पालखी! आणि पुढाकार कोणाचा? भय्यासाहेबांच्या लेकीचा, जयूचा.

"जयू! हे काय गं?"

"संजाबाई काका!" ती म्हणाली. "तुमची भिंत नवी आहे ना, गोबर मस्त चिपकतं. आमच्या भिंतीवरून घसरतं."

मी खराटा उचलला. चारुलतेनं माझा हात धरला.

"संजाबाईला हात लावायचा नाही. पोरींचं व्रत आहे ते. अमावस झाली की धुऊन घ्या."

मी भिंतीपाशी जाऊन भय्यासाहेबांना हाक मारली. माझ्या स्वरात एका करदात्याचा संताप होता. ते ऐकून घेऊन मनापासून म्हणाले, "अहो बापू, तक्रार काय करता, मान आहे हा! पोरींनी तुमचं घर पसंत केलं. आमच्याकडे दरसाल यायच्या. यंदा आल्या नाहीत, तर हिला केवढं वाईट वाटलं!"

हे ऐकून मला आनंद झाला. विजयावहिनींना माझ्यामुळे वाईट वाटलं, म्हणजे प्रगती होती. जेवताना मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हात धुताना लक्षात आलं की मान मला मिळाला, शेण मला मिळालं, आणि त्यांची पिस्ता भिंत स्वच्छ राहिली.

मग अण्णांची, म्हणजे वडिलांची, तिथी आली. श्राद्धाचा स्वयंपाक झाला, गुरुजी आले, पिंड झाले. मी कावळ्यासाठी पान घेऊन गच्चीवर गेलो. कावळा पानाला शिवल्याशिवाय खाली कोणी जेवायचं नाही. पण आमच्या गच्चीला ताज्या चुन्याचा वास, कडेला शिडी, शिडीवर माझा चुन्यानं ताठ झालेला सदरा बाहू पसरून वाळत घातलेला. बुजगावण्याची आणखी काय तयारी असते? कावळे आले आणि ओळीनं बसले भय्यासाहेबांच्या गच्चीवर. तिथून माझ्याकडे बघत राहिले.

"काव काव," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाला हे म्हणताना किती यातना होतात, ते ज्याने म्हटलंय त्यालाच ठाऊक.

ऊन चढलं. खालून गुरुजींचा खाकरण्याचा आवाज येऊ लागला. अनसूयाकाकू समोरच्या गच्चीवरून ओरडल्या, "अण्णांची काही इच्छा राहिली असेल! कबूल कर काहीतरी!"

मी हात जोडले. "अण्णा, सर्व पट्टे एका रंगाचे करीन." कावळे ढिम्म. "अण्णा, ऑफिसातून वेळेवर येईन." एका कावळ्यानं चोच पुसली. "अण्णा, भय्यासाहेबांशी नीट वागेन," असंही मी शेवटी, अगदी हळू, म्हणालो.

तेवढ्यात चारुलता वर आली. तिनं माझ्यासमोरचं पान उचललं आणि कठड्यावरून हात लांबवून भय्यासाहेबांच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. पान टेकलं न टेकलं तोच कावळ्यांनी झडप घातली. वडा, खीर, सगळं फस्त.

खालून गुरुजी म्हणाले, "तृप्त झाले, तृप्त झाले." भय्यासाहेबांकडे तृप्त झाले! अण्णांना हयातीतही भय्यासाहेब फार आवडायचे. 'मुलगा असावा तर असा,' असं ते म्हणायचे, आणि तेव्हा मी समोरच बसलेला असायचो. मला वाटलं होतं, निदान वारल्यानंतर तरी माणूस आपल्या घरी येईल. त्या दिवशी मी खिरीला हात लावला नाही, हे सरळ सांगतो.

अमावास्येला पोरींनी संजा शिप्रेत सोडली. माझ्या भिंतीवर तिची हिरवट सावली उरली. ती झाकायला मी तीनदा हात मारले, तर तिथे एक गडद पिवळा चौकोन तयार झाला. त्याला जोड म्हणून पलीकडे दुसरा चौकोन केला, मुद्दाम केल्यासारखं वाटावं म्हणून. नवरात्रभर मी घाण्याच्या बैलासारखा राबलो आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुंचा खाली ठेवला. घर पिवळं होतं. कुठे कमी, कुठे जास्त, पण भय्यासाहेबांच्या आधी पिवळं होतं. उद्या ते पंचा खोचून चुना भिजवायला बसतील, तेव्हा मी स्वच्छ कपड्यांत ओसरीवर बसून त्यांना सूचना करीन, असा माझा बेत होता. सूचना मी तयारही ठेवल्या होत्या.

दसऱ्याला शिडी निघालीच नाही. दुपारी भय्यासाहेब आपट्याची पानं घेऊन घरी आले. सोनं दिलं, मिठी मारली आणि म्हणाले, "बापू, ऑर्डर आली. भोपाळ. वरची जागा दिलीय. एक तारखेच्या आत हजर व्हायचंय. आता पुताई कुठली आणि काय!"

जाताना त्यांनी थांबून आमच्या भिंतीकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "मेहनत दिसते."

मेहनत दिसते! ज्या घरात मेहनत दिसते त्या घरात दुसरं काहीच दिसत नाही, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. आणि तेही ऐकायला चारुलता तिथे हवी होती, तर ती आत डोळे पुसत होती. भय्यासाहेब चालले म्हणून. विजयावहिनी चालल्या म्हणून, असं ती म्हणाली. ज्याच्यासाठी मी हाडाची काडं केली, तो माणूस लढाईच सोडून भोपाळला चालला होता, वर बढती घेऊन. त्यांची बदली झाली याचासुद्धा मला हेवा वाटला. गल्लीतल्या माणसांनी त्यांना तीन जेवणं दिली. मी कुठे गेलो तर मला कोण काय देईल, याचा विचार करत मी ती तिन्ही जेवलो.

देवास गेटच्या मोटारस्टँडवर त्यांना पोचवायला आम्ही सगळे गेलो. सामान वर चढलं, जयू रडली, अनसूयाकाकूंनी दहीसाखर हातावर घातली. भय्यासाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि घराची किल्ली माझ्या मुठीत कोंबली.

"भाडेकरू ठेवणार नाही. मन होत नाही. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणावर माझा भरोसा नाही, बापू." मग थोडं अडखळून म्हणाले, "आणि... पुढच्या दिवाळीला जमलं तर आमच्याही भिंतींवर एक हात फिरवा. बंद घर अवकळा आल्यासारखं लागतं. आता तर तुम्हाला येतं."

तुम्हाला येतं! असं मला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं, आणि म्हणायचं तर यांनी म्हणावं? "त्यात काय आहे!" असे शब्द माझ्या तोंडून निघून गेले. मोटार सुटल्यावर मी जीभ चावली.

पण शब्द दिला होता. पुढच्या वर्षी पितृपक्ष संपू दिला. घटस्थापना झाल्यावर कळी भिजवली, थोडं थोडं पाणी घालत. रंग भिंतीला धरावा म्हणून सरस निराळा शिजवला. सगळा रंग एकाच वेळी एका पिंपात कालवला, फडक्यातून गाळला, भिंतीच्या कोपऱ्यात बोटभर लावून वाळवून पाहिला. गुलाबी, त्यांच्या मनात होता तसा. घाई नव्हती. पलीकडून कोणी बघत नव्हतं. मी शिडीवर चक्क गुणगुणायला लागलो. कुंचा वरून खाली असा उतरायचा की मलाच थांबून पाहावंसं वाटायचं. एक ओघळ नाही, एक पट्टा नाही.

दिवाळीच्या संध्याकाळी मी शेवटचा कोपरा पुसून शिडीवरून पाहिलं, तर रस्त्यात चारुलता अनसूयाकाकूंना घेऊन उभी होती. हातात पणत्यांचं ताट. ती काकूंना सांगत होती, आणि चांगली मोठ्यानं सांगत होती.

"आमच्या ह्यांनी रंगवलं, काकू. एकट्यांनी. हात लावून बघा, बोटाला लागत नाही."

मी उतरलो, दोन्ही हात मागे बांधून रस्त्यात आलो आणि कोणी दुसराच माणूस आल्यासारखा तिच्या शेजारी उभा राहिलो. दोन्ही घरं समोर होती. भय्यासाहेबांचं घर तिन्हीसांजेच्या उजेडात नवरीसारखं लाजत होतं. शेजारी आमचं, गेल्या वर्षीचं, ताक, मोहरी, हळद आणि दोन चौकोन. माझ्याच हाताचं ते काम पाहून मी जेवढा जळलो, तेवढा भय्यासाहेबांच्या पिस्त्यावरही कधी जळलो नव्हतो.

"अहो," चारुलता म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की मी मान वळवली. "एवढी छान भिंत रंगवलीत तुम्ही. मग यंदा आपल्या पणत्या तिथेच मांडू या का? त्या भिंतीवर उजेड किती सुंदर लागेल! आपल्या भिंतीवर नुसताच डागाडागांनी दिसतो."

काकू म्हणाल्या, "हो गं, तिथेच लावा. लक्ष्मीला तरी कळेल कुठे यायचं ते."

चारुलतेनं ताट सावरलं आणि भय्यासाहेबांचं फाटक उघडलं. मी घरात जाऊन तेलाची बरणी आणली, आणि तिच्या मागोमाग गेलो.